नेपरव्हिलची आश्लेषा, हंगेरीकडून

कॉलिननं तिला पहिल्यांदा मुद्दाम पाडलं तेव्हा आश्लेषा पंधरा वर्षांची होती. बर्फावर जोडीनं नाचताना मुलगा मुलीला उचलून धरतो त्या लिफ्टमध्ये ती त्याच्या मांडीवर गुडघा टेकून आडवी झाली होती, एक हात हवेत, मान मागे टाकलेली. त्याचा हात तिच्या कमरेखाली होता. आणि एकदम तो नव्हता. ती बरगड्यांवर आपटली. ओलं फळकूट मोडावं तसा आवाज तिला स्वतःच्या आतून ऐकू आला. श्वास आत जाईना. तिनं वर पाहिलं, तर कॉलिन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"पुढच्या वेळी काउंट चुकवू नकोस," तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्यावर ब्लेडनं बर्फाचा चुरा उडवून निघून गेला.

काठावर त्याची आई डायान उभी होती. तीच दोघांची कोच. तिनं टाळ्या वाजवल्या. "ऊठ, ॲश. म्युझिक चालू आहे."

ॲश उठली. एक बरगडी तडकली होती हे दोन दिवसांनी एक्स-रेत कळलं. तोवर ती रोज सराव करत होती.

नेपरव्हिलमध्ये जन्मलेली ही मुलगी. वडील प्रताप बोंद्रे मूळचे नागपूरचे, रोज सकाळच्या गाडीनं शिकागोला जाऊन एका विमा कंपनीची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळणारे. आई विनीता पुण्याची, शाळेत गणित शिकवणारी. आश्लेषाला पाचव्या वर्षी शेजारणीच्या वाढदिवसाला रिंकवर नेलं आणि ती बर्फावरून उतरेचना. उड्या तिला कधी फारशा जमल्या नाहीत, पण तिच्या पायांना सूर कळायचा. ब्लेडच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर ती अशी वळायची की बघणारे बोलायचे थांबत. कोणीतरी म्हणालं, हिला आईस डान्समध्ये घाला. जोडीनं करायचा नाच, उड्या नाहीत, फक्त पावलं, वेग आणि एकमेकांच्या अंगावरचा विश्वास.

अडचण एकच. जोडीला मुलगा लागतो, आणि मुलगे नसतात. शिकागोच्या आसपास रिंकवर मुलगे येतात ते हॉकी खेळायला. नाचणारा एखादा सापडलाच तर त्याच्यामागे वीस मुली आणि वीस आया. कॉलिन सोळा वर्षांचा होता, उंच, सरळ पाठीचा आणि कोचचा मुलगा. त्यानं तेरा वर्षांच्या आश्लेषाला निवडलं त्या दिवशी बोंद्र्यांच्या घरी श्रीखंड झालं होतं.

निवड त्याची होती हे तो तिला कधी विसरू देत नसे. पाऊल चुकलं की तो तिची बोटं पिळायचा, जोडीचा हात सोडता येत नाही म्हणून ती तशीच हसत पुढच्या वळणावर जायची. वेगात असताना तो तिला कठड्यावर ढकलायचा आणि लांबून बघणाऱ्याला ती स्वतःच तोल जाऊन आदळली असं वाटायचं. एकदा पोटरीवर ब्लेडची टाच मारली. सात टाके पडले. डायान दवाखान्यात सोबत आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "या खेळात असं होतंच." गाडीत बसल्यावर आश्लेषाकडे न बघता ती म्हणाली, "त्याला राग येईल असं वागू नकोस. तुझ्या जागी यायला किती जणी टपल्या आहेत, ठाऊक आहे ना?"

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात आश्लेषानं आईची पैठणी नेसली. ब्लाउज बिनबाह्यांचा होता. फराळाच्या टेबलाशी एक काकू जवळ आल्या आणि त्यांनी तिचा दंड धरून उजेडात फिरवला. वर चार बोटांचे निळे वळ, खाली अंगठ्याचा एक.

"हे काय गं?"

"लिफ्टमध्ये होतं, काकू. आय ब्रूझ ईझिली, लगेच वळ उठतात मला."

विनीतानं ते ऐकलं. घरी आल्यावर तिनं प्रतापला सांगितलं. प्रतापनं मुलीला समोर बसवलं. तो मवाळ माणूस होता. भांडण झालं की त्याच्या पोटात दुखायचं.

"बेटा, शेवटी पार्टनरशिप आहे ही," तो म्हणाला. "थोडं ॲडजस्ट करावं लागतं. मी नाही करत का ऑफिसात? हा गेला तर दुसरा कुठून आणायचा?"

"आय नो, डॅड," आश्लेषा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. वाईट म्हणजे, ती दोघं चांगली होती. ज्युनियर गटात त्यांनी देशात पदकं घेतली. कॅमेऱ्यासमोर कॉलिन तिच्या कपाळावर ओठ टेकायचा आणि त्याच हाताची बोटं तिच्या मानेच्या शिरेत रुतलेली असायची.

एकोणिसाव्या वर्षी तिनं गुपचूप मिशिगनमधल्या एका कोचला फोन केला. तिथे एक मुलगा जोडीदार शोधत होता. ही बातमी खेळातल्या सगळ्या बातम्यांसारखी दोन दिवसांत फिरून घरी आली.

सरावानंतर ती लॉकरच्या बोळात बाकावर बसून बूट काढत होती. एक काढून झाला होता, हातात होता. कॉलिन मागून आला. त्यानं तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं कपाळ लॉकरच्या लोखंडी दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. तो ओरडत नव्हता. अगदी सरावात मोजतो तसा हळू बोलत होता. "तू. कुठेही. जाणार. नाहीस."

आश्लेषाच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. तिनं हातातला बूट जोरात मागे फिरवला.

ब्लेड त्याच्या कानाजवळ लागलं आणि गाल उघडत ओठापर्यंत आलं. त्यानं वेणी सोडली. ती उठली, एका पायात बूट, एका पायात मोजा, आणि तिनं पुन्हा मारलं. या खेपेला त्यानं आडवा धरलेला हात फाटला. रबराच्या काळ्या जमिनीवर रक्त लाल दिसत नव्हतं, नुसतं ओलं दिसत होतं. तो खाली बसला. तिनं तिसऱ्यांदा बूट उचलला, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर, आणि तो कुठे मारायचा हे तिनं नेमकं ठरवलं होतं. हॉकीच्या मुलांपैकी कोणाच्या तरी वडिलांनी मागून येऊन तिचे हात धरले, म्हणून ते राहिलं.

बोळाच्या टोकाला कॅमेरा होता. लॉकरची रांग मधे येत असल्यामुळे त्यात कॉलिन आणि तिची वेणी दिसत नव्हती. बाकावरून उठून वार करणारी मुलगी तेवढी स्पष्ट दिसत होती.

डायाननं बोंद्रे नवरा-बायकोला ऑफिसात बोलावून ते चित्रण दाखवलं. मग म्हणाली, "मी पोलिसांना बोलावणार नाही. माझ्या मुलाला तमाशा नको आहे. ॲशनं फक्त इथून जावं, आणि झाल्या गोष्टीबद्दल कुठे बोलू नये."

प्रताप उठून उभा राहिला. "थँक यू," तो म्हणाला.

गाडीत विनीतानं मुलीची बट बाजूला केली आणि केसांच्या मुळाशी आलेलं टेंगूळ पाहिलं, अंड्याएवढं, वर लॉकरच्या दाराची जाळी उमटलेली. तिनं गाडी सुरू केली, सिग्नलच्या आधीच कडेला घेतली आणि ती स्टिअरिंगवर मुठी मारू लागली. हॉर्न वाजत राहिला. मागच्या सीटवर प्रताप म्हणत होता, "विनी, अगं लोक बघतायत." तेव्हा ती वळली आणि तिनं नवऱ्याच्या तोंडात मारली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आश्लेषानं आईला असं कधी पाहिलं नव्हतं.

मिशिगनच्या कोचनं फोन उचलणं बंद केलं. बाकीच्यांनीही. ब्लेड चालवणारी मुलगी, एवढीच तिची ओळख उरली. कोणता मुलगा अशा मुलीचा हात धरणार? ती घरी बसली. बर्फ नाही तर बाथरूमच्या फरशीवर मोजे घालून पावलं घोटू लागली, आणि एक दिवस तिथला आरसा तिनं कोपरानं फोडला.

मग टेक्सासहून रेखा मावशीचा फोन आला. मावशी अर्विंगला नर्स होती. तिच्या हॉस्पिटलात गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेली एक पेशंट आईस डान्सर होती, आणि तिचा खेळ संपला होता. तिचा जोडीदार हंगेरीचा, नाव मार्टोन. तो तिथेच डॅलसजवळ सराव करत होता आणि त्याला मुलगी हवी होती.

"तिला सगळं सांगितलंय मी तुझं," मावशी म्हणाली. "ब्लेडचंही. तिनं त्याला विचारलं. तो म्हणे येऊ दे."

जोडीतला एक जण ज्या देशाचा नागरिक आहे, त्या देशाकडून जागतिक स्पर्धेत उतरता येतं. ऑलिम्पिकला मात्र दोघंही नागरिक लागतात. म्हणजे आश्लेषानं हंगेरीकडून खेळायचं. अमेरिकेनं तिला मोकळं करायचं आणि तिनं वर्षभर कोणाकडूनच उतरायचं नाही.

प्रताप जेवता जेवता थांबला. "या देशाची शपथ घेतली तेव्हा मी रडलो होतो. तू सहा वर्षांची होतीस, हातात झेंडा घेऊन उभी. आणि तू आता काहून दुसऱ्याचा झेंडा लावणार?"

"डॅड, इथे मला कोणी टच करायला तयार नाहीये," आश्लेषा म्हणाली. "तो हो म्हणाला."

अर्विंगला ती मावशीच्या मागच्या खोलीत राहिली. बाहेर डांबर वितळवणारं ऊन, आत बर्फ. मार्टोन कमी बोलायचा. त्याची पकड इतकी हलकी होती की पहिले काही आठवडे तिला ती पकडच वाटेना, आणि ती त्याच्या हातातून निसटून पडायची. तो तिचा खांदा सरळ करायला हात उचलायचा आणि तिची मान आपोआप खाली जायची. त्यानं ते पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

एका दुपारी त्याचं पाऊल चुकलं. चूक त्याची होती. दोघं एकमेकांत अडकून पडली, तिचं ढोपर सोलवटलं. उठताच आश्लेषानं त्याची बोटं धरून उलटी पिळली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. "काउंट चुकवू नकोस," ती म्हणाली.

आवाज कॉलिनचा होता. तिनं तो ऐकला आणि त्याची बोटं सोडली.

मार्टोन बर्फावरून उतरला आणि निघून गेला. बऱ्याच वेळानं तो परत आला तेव्हा ती कठड्याला टेकून खाली बसली होती. तो समोर उभा राहिला. त्याच्या गालावर तिची बोटं उठली होती.

"पुन्हा हात उचललास तर मी दुसरी शोधेन," तो म्हणाला. "हे खरं सांगतोय. आता मला सांग, तो कोण होता?"

तिनं सांगितलं. इतकी वर्षं कोणालाच सगळं सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. बरगडीपासून तिसऱ्या वारापर्यंत. शेवटी मार्टोन म्हणाला, "ऊठ. तेच वळण परत करू." तिनं पुन्हा हात उचलला नाही. पण किती वेळा उचलावासा वाटला, ते तिलाच माहीत.

वर्ष सरलं. पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेमकी मिल्वॉकीला निघाली, नेपरव्हिलहून गाडीनं दोन तासांवर. प्रताप आणि विनीता आले. आणि अमेरिकेच्या जोड्यांत कॉलिन होता, गालावर कानापासून ओठापर्यंत पांढरी रेघ, आणि सोबत हेली नावाची सतरा वर्षांची नवी जोडीदार.

सकाळच्या सरावाला पाच जोड्या एकदम बर्फावर होत्या. आश्लेषा हंगेरीचं जॅकेट घालून उतरली तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "सांभाळा रे, ब्लेडवाली!" लोक हसले. ती वळण घेत कठड्याजवळ आली आणि तिला मागे तो ओळखीचा आवाज ऐकू आला, वेगात पाठमोरं घसरत येणाऱ्याच्या ब्लेडची खरखर. मार्टोननं तिला ओढलं. उशीर झाला होता. कॉलिनची पाठ पूर्ण वेगानं तिच्यावर आदळली आणि तिची हनुवटी कठड्यावर फुटली.

"सॉरी," कॉलिन मोठ्यानं म्हणाला, दोन्ही हात वर करून. "दिसलीच नाही."

वैद्यकीय खोलीत डॉक्टर तिची हनुवटी शिवत होते, मार्टोन बाजूला उभा होता, प्रताप आणि विनीता दारातून आत येऊ बघत होते. तेवढ्यात कोणीतरी हेलीला आणून समोरच्या खुर्चीवर बसवलं. तिचं मनगट सुजलं होतं. जॅकेटची बाही वर केली तर दंडावर चार बोटं आणि एक अंगठा.

"सरावात पडले," हेली डॉक्टरांना म्हणाली. "मी जरा धांदरटच आहे."

आश्लेषानं डॉक्टरांचा हात बाजूला सारला. सुई अजून कातडीत होती. "ते पडून होत नाही," ती म्हणाली. "हे त्यानं माझ्या बाबतीत केलं. माझी बरगडी मोडली. तुझं काय काय झालंय?"

हेलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती आश्लेषाकडे बघतच नव्हती, तिच्या मागे बघत होती. दारात कॉलिन उभा होता.

"हेली. चल."

हेली उठली. आश्लेषाही उठली आणि मधे उभी राहिली, हनुवटीवरून रक्त गळत, दोरा लोंबत. कॉलिननं तिच्या छातीवर पंजा ठेवून तिला ढकललं. ती औषधांच्या ट्रॉलीवर पडली, ट्रॉली कोसळली. मार्टोन पुढे झाला. पण त्याच्याही आधी, पाठीवर ऑफिसची सॅक तशीच असलेला प्रताप दोघांमध्ये घुसला होता.

"हात लावू नकोस तिला," प्रताप मराठीत म्हणाला. घाबरला की त्याचं इंग्रजी जायचं. "बस्स झालं!"

कॉलिननं त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. चष्मा फुटला, पुढचा दात तुटून बाहेर पडला. प्रताप पडला नाही. त्यानं कॉलिनचं जॅकेट दोन्ही मुठींत पकडलं आणि सोडेचना. कॉलिन मारत राहिला, कानावर, डोळ्यावर, आणि हा साठीला आलेला पोटसुटा माणूस रक्तानं माखलेल्या तोंडानं त्याला भिंतीशी दाबून "बस्स झालं, बस्स झालं" एवढंच म्हणत राहिला. मार्टोन आणि दोन रक्षकांनी मिळून त्यांना सोडवलं.

हे सगळं डॉक्टर, दोन नर्सा आणि एका पंचानं पाहिलं होतं. पोलीस आले. कॉलिनला हातकड्या घालून नेलं तेव्हा डायान मागोमाग धावत होती आणि म्हणत होती, त्या मुलीनंच त्याला भडकवलं.

दुपारी आश्लेषा उतरली. टाक्यांवर पट्टी, पट्टीवर मेकअप. प्रताप तोंडात कापूस धरून पहिल्या रांगेत बसला होता, एक डोळा पूर्ण मिटलेला. तिचा नाच त्या दिवशी सुंदर नव्हता. ती बर्फ कापत होती, अक्षरशः, प्रत्येक वळणावर चुरा उडत होता, आणि मार्टोन तिला धरून ठेवण्याचं काम करत होता. ती दोघं खालून दुसरी आली. नाच चालू असतानाच पट्टी सुटली आणि तिच्या पांढऱ्या ड्रेसवर गळ्यापासून खाली लाल ओघळ आला. पंचांनी संगीत थांबवायची शिट्टी फुंकली नाही, आश्लेषाही थांबली नाही.

खेळाडूंच्या छळाची चौकशी पुढे महिनोन्महिने चालली. आश्लेषानं तिथे स्वतःचं ब्लेडही सांगितलं. चौकशी करणाऱ्या बाईंनी विचारलं, "तो खाली बसल्यावर तुम्ही तिसऱ्यांदा बूट का उचललात?"

"मारायचंच होतं मला," आश्लेषा म्हणाली.

त्याबद्दल तिला ताकीद मिळाली. हेलीनं आधी सगळं नाकारलं. पुढच्या वसंतात तिनं स्वतःहून चौकशीच्या बाईंना फोन केला आणि दोन शब्द बोलून ठेवून दिला, मग पुन्हा केला आणि सगळं सांगितलं. कॉलिनला खेळातून कायमचं काढलं. डायानला कोणी हात लावला नाही. तिची रिंक चालू आहे आणि मुली आजही तिच्याकडे जातात.

आश्लेषा आणि मार्टोन चार हंगाम हंगेरीकडून खेळली. एकदा जागतिक स्पर्धेत अंतिम नाचापर्यंत गेली. हंगेरीचं नागरिकत्व तिनं मागितलंच नाही, म्हणून ऑलिम्पिक राहिलं. पुढे कमरेच्या सांध्यानं दगा दिला. मार्टोन बुडापेस्टला परतला, त्याला आता दोन मुली आहेत. आश्लेषा अर्विंगलाच राहिली आणि मुलांना शिकवू लागली.

परवाची गोष्ट. एका आईनं कठड्यापलीकडून हात घालून आपल्या आठ वर्षांच्या रडणाऱ्या मुलीचा दंड पकडला आणि तिला गदागदा हलवलं. आश्लेषा रिंकच्या दुसऱ्या टोकाला होती. ती तिथून सुटली ती थेट कठड्यावर येऊन आदळली, त्या बाईचं मनगट धरलं आणि अशी किंचाळली की पलीकडच्या रिंकवरचा हॉकीचा सामना थांबला. बाईनं तक्रार केली. मॅनेजरनं आश्लेषाला बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल.

"होईल पुन्हा," आश्लेषा म्हणाली. "मी खोटं नाही सांगत तुम्हाला."

त्या बाईनं मुलीला दुसऱ्या कोचकडे घातलं. आश्लेषाचा पुढचा तास सुरू व्हायची वेळ झाली होती. वेदांत आणि शिवांगी नावाची दोन भावंडं बर्फावर वाट बघत उभी होती. तिनं हातमोजे चढवले आणि त्यांना म्हणाली, "आधी एकमेकांचा हात कसा धरायचा ते बघू. हळू. दुखलं तर लगेच सांगायचं."